पालखीचा खांदा

प्रिय बाळाराम,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, मग तुझी सून दर्शना फोनचा आवाज मोठा करून सगळं ऐकते. तिच्या कानावर जायला नको, म्हणून लिहायला बसलो. आपल्या गावचा सुफियान सुट्टीवर निघालाय, तो हे तुझ्याच हातात देईल.

इथे आखातात माझं शिवणकाम चाललंय. गोऱ्या फौजेच्या तळाबाहेर दुकान, शिपायांच्या शर्टांवर नावाच्या पट्ट्या शिवतो. तुझा लेक समाधान आत त्यांच्या भटारखान्यात कामाला. जुम्म्याला येतो, माझ्या हातचं सुरमईचं कालवण खातो नि चाचा, मीठ विसरलात म्हणून चिडवतो.

हल्ली इथे एकच विषय. हा तळ ठेवायचा की उठवायचा, यावर त्यांच्या देशात मोठ्या लोकांचा वाद चाललाय म्हणे. माझी अक्कल सातवीपर्यंतची. फौज आहे म्हणून शेजारचे देश दबून आहेत, असं गिऱ्हाइकं सांगतात. मला वाटतं, फौज आहे म्हणूनच तर आकाशातून काहीबाही इकडे येतं. ती गेली तर माझं दुकान बंद, राहिली तर झोप बंद. भोंगा वाजला की सुई बोटात जाते.

समाधानला म्हटलं, रजा टाक, जा गावी. हसला. म्हणे, चाचा, तुम्ही तर खाडीतल्या होडीलाही घाबरायचात, बाबांनी सांगितलंय. घाबरायचो रे, पण तू हात धरायचास.

यंदा शिमग्याला पालखी उचलायचा मान तुमच्या घराचा. तूच त्याला कळवलंस, येऊ नको, रजेपायी नोकरी घालवू नको, खांदा पुतण्या देईल. त्या दिवशी पोरगा माझ्याकडे जेवला नाही. पण रजाही मागितली नाही.

आता खरं सांगतो. गेल्या आठवड्यात भटारखान्यामागे काहीतरी येऊन फुटलं. समाधान सुखरूप आहे, अंगावर ओरखडा नाही. पण माझ्याकडे आला तो दुकानाचं शटर आतून ओढूनच बसला. घरी कळवलंत तर आपलं बोलणं खलास, म्हणाला. मोठे लोक ठरवतील तेव्हा ठरवतील. तो माझं ऐकत नाही, तुझा शब्द मोडणार नाही. भटारखान्याचं नाव काढू नकोस. भीतीने तो निघायचा नाही, पालखीसाठी निघेल. त्याला एवढंच सांग, तुझा खांदा लागल्याशिवाय पालखी उठणार नाही. गावी पोचू दे, पुढचं बघू. सांगितलंस की मला लगेच कळव, बाळाराम. जीव टांगणीला लागलाय.

तुझाच,
फकरुद्दीन