अठ्ठाविसाव्या तासाचं ग्लायकोजेन

३ फेब्रु., मंगळ.
रविवारी नेरूळला भाषण. सभागृह भरलेलं. ‘उपाशी यीस्ट बीजाणू करायला बसतं, तेव्हा घरातला साठा खात नाही, पुढच्या पिढीसाठी राखतं.’ टाळ्या नेहमीच्याच जागी. काचेपलीकडून ऐकल्यासारख्या.
आज लॅब. तेजलचा एम.एस्सी.चा प्रकल्प नेमका हाच: बीजाणू तयार होताना यीस्ट आपल्या साखरांचं काय करतं. यीस्ट उपाशी ठेवल्यापासून बाराव्या तासाच्या नमुन्यात आयोडीन टाकलं, गडद तपकिरी. म्हणजे ग्लायकोजेन, साठवलेली साखर, भरपूर. अठ्ठाविसाव्या तासाचा फिका. तिसऱ्यांदा फिका.
“फ्लास्क अदलाबदल झाले असतील. पुन्हा कर.”
“तीनदा कशी चुकेन, मॅडम?”
“चुकतात माणसं.”
जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

५ फेब्रु., गुरु.
लॅबचे जाधवमामा दारात.
“म्याडम, चिठ्ठ्या मी डकवल्यात फ्लास्कांवर. बदलतीलच कसं? का आता मलाबी पुन्हा परीक्षेला बसवताय?”
हसले. मी नाही.

७ फेब्रु., शनि.
बीजाणू करूच न शकणारं यीस्ट तेजलनं सोबत वाढवलं होतं. त्याचा अठ्ठाविसाव्या तासाचा नमुना गडदच.
“जे बीजाणू करतच नाय, त्याचा साठा शाबूत हाय. जे करतं, ते खाऊन टाकतं. तुमच्या भाषणाच्या उलटं, मॅडम.” रागावली की उलव्याची बोली वर येते तिची.
“बघू.”
घरी जुनं पुस्तक काढलं. समासात माझीच पेन्सिल: ग्लायकोजेन मोडतं, ट्रेहॅलोज बीजाणूत राहतं. म्हणजे माहीत होतं. व्यासपीठावर कधीतरी दोन साखरांचं वाक्य लांब वाटलं, एक गाळली. टाळ्या पडल्या. मग मलाच ते खरं...

९ फेब्रु., सोम.
तेजल आली नाही. टेबलावर तिचा प्रबंध. अठ्ठाविसाव्या तासाचे आकडे काढून टाकलेत. निष्कर्षात माझं भाषणातलं वाक्य, जसंच्या तसं. खाली माझ्या सहीची जागा.
मामा: “म्हनली, म्याडमना पायजे तसं केलंय.”
फोन केला. “आकडे परत घाल. बरोबर आहेत.”
“नको मॅडम. तुम्ही माईकवर एक सांगणार, माझ्या प्रबंधात दुसरं. तोंडी परीक्षेत धुतील मला. पास व्हायचंय.”
कागद न घेता दोन तास बोलते मी. ‘अगं, ऐक’ एवढंच म्हटलं. फोन तिनेच ठेवला.

११ फेब्रु., बुध.
खांदेश्वरच्या आयोजकांचा फोन. “रविवारी तेच यीस्टचं घ्या, मॅडम. बायका डोळे पुसतात.”
हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

१४ फेब्रु., शनि.
तेजल आली. प्रबंधाच्या दोन प्रती पुढ्यात. एकीत आकडे आहेत, एकीत नाहीत.
“दोन्हींवर सही करा.”
“आकड्यांचीच दे.”
“कुठली जमा करायची, ते उद्या तुमचं ऐकून ठरवते. खांदेश्वरला येतेय मी. पहिल्या रांगेत बसणार.”
“चहा घेतेस?”
“सही करा, मॅडम.”
केली. दोन्हींवर. सोमवारी दुपारपर्यंत मुदत आहे तिला.
ती गेल्यावर भाषणाचा कागद घेतला. पहिलं वाक्य लिहिलं: मी आजवर चुकीचं सांगत आले. मोठ्यानं म्हणून पाहिलं. आवाज नेहमीसारखाच खणखणीत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल.
खोडलेलं नाही. अजून तरी.