जखम भरेपर्यंत

२० जानेवारी, सोमवार

घरी आले. पायऱ्या माझ्या मी चढले, कुणाचा हात धरला नाही! हे मागून दोन्ही हात पसरून येत होते, मी पडले तर झेलायला. सगळ्या वडपे गावाचे दौलतशेठ, गोडाऊनवाल्यांशी भांडताना आवाज हायवेपर्यंत जातो. पण हॉस्पिटलात माझी पट्टी बदलताना बघितली आणि स्वतःच आडवे झाले. नर्स मला सोडून त्यांना पाणी पाजत बसली.

उजवा स्तन काढला. काखेतल्या गाठीही काढल्या. कॅन्सर आहे. लिहून टाकलं एकदाचं. तिथे सगळे नुसतं "ते" म्हणत होते. "ते काढलं", "तिथे दुखतंय का". मी गोडाऊनच्या माणसांची खानावळ चालवते, मला असं आडून बोलणं जमत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय — आता केमो. तारीख १७ फेब्रुवारी. पण आधी जखम पूर्ण भरली पाहिजे. उघड्या जखमेवर केमो देत नाहीत, अंगातली ताकद खाली जाते आणि जखम चिघळली तर जिवावर बेततं. आणि फार लांबवूनही चालणार नाही, राहिलेला आजार वाट बघत थांबत नाही. म्हणजे माझ्याकडे आता काम एकच. भरून यायचं!

२१ जानेवारी, मंगळवार

डाव्या कुशीवर झोपायची सवय नाही. अख्खा दिवस चिडचिड. भात कच्चा आहे म्हणून ओरडले. कच्चा नव्हता.

२३ जानेवारी, गुरुवार

काखेखालून एक नळी निघालीय, तिच्या टोकाला प्लास्टिकचा डबा. आतलं रक्त-पाणी त्यात जमतं. तो रिकामा करायचं काम करिष्माने घेतलं. करिष्मा माझी सून, देवेशची बायको. भिवंडीत शहरात वाढलेली, तांदळाची भाकरी थापायला गेली तर नकाशा होतो. पण डबा असा रिकामा करते की एक थेंब सांडत नाही, आणि तोंड वाकडं करत नाही. माझ्या आईनेसुद्धा केलं नसतं. तिला सांगितलं तसं. ती म्हणाली, आई, तुम्ही आधी हलायचं बंद करा.

तो डबा हातात धरून फिरायचं म्हणजे वैताग. मग जुन्या खणाची पिशवी शिवली — डाव्या हाताने सुई धरून! — आणि खांद्याला अडकवून खानावळीपर्यंत जाऊन आले. वाटेत गल्लीतल्या आनंदीबाईंनी विचारलंच, पिशवीत काय गं एवढं जपून? म्हटलं, दागिने. बाई खरंच डोकावून बघायला लागल्या.

खानावळीत पोरं जेवायची थांबली. एकाने उठून खुर्ची पुसली. "चाची, आपके बिना दाल फीकी लगती है." खोटं बोलतोय, डाळ करिष्माच्या हातची चांगली झाली होती. पण ऐकायला बरं वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम. उजवा हात भिंतीला लावायचा आणि बोटांनी वर वर चढायचं, जिथे जीव जातो तिथे खूण करायची. ह्यांनी दिवाळीला पोपटी रंग मारून घेतलाय, त्याच भिंतीवर मी काळ्या पेन्सिलीने खुणा करतेय. हे बघतात आणि काही बोलत नाहीत. एरवी मुंगी चढली तरी फडकं घेऊन धावतात. आजारपणाचा हा एक फायदा.

कालच्यापेक्षा आज वर. डोळ्यांतून पाणी आलं, पण खूण वर.

२८ जानेवारी, मंगळवार

नळी काढली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी जखम रोज बघायला मिळाली तर माझं काम सोपं होईल. फक्त नळीचं भोक अजून ओलं आहे, मी सांगेपर्यंत पाणी लावायचं नाही, अंग ओल्या फडक्याने पुसायचं. गाडीत मी ह्यांना ते वाक्य परत परत ऐकवलं. पाणी लावू नका ते नाही, त्याआधीचं.

३० जानेवारी, गुरुवार

दिघाशीहून वन्सं आल्या. रंगूबाई, ह्यांच्या मोठ्या बहीण. भाऊजी गेल्यापासून एकट्या राहतात, पण दरारा आहे तसाच. येताना चिंबोऱ्या आणल्या, जिवंत! स्वयंपाकघरात एक निसटली आणि करिष्मा थेट ओट्यावर चढली. मी एवढी हसले की टाके दुखले. वन्संनी रस्सा केला, समोर बसून मला प्यायला लावला. त्यांच्या हाताला चव आहे, शत्रूलाही मानावं लागेल.

मग सुरू झालं. वज्रेश्वरीच्या कुंडाचं पाणी लाव. कुणाची खरूज गेली, कुणाचा पाय बरा झाला. त्या स्वतः हल्ली सारख्या जातात. मी म्हटलं, वन्सं, मला खरूज झालेली नाही. त्यांना पटलेलं नाही, तोंडावरून कळतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज अंघोळ केली. करिष्मा माहेरी गेली होती, हे गोडाऊनवर. वन्संनी कुंडाचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं, ते गरम केलं. मीच हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. इतके दिवस ओल्या फडक्याने अंग पुसून पुसून माझी मलाच शिसारी आली होती. आणि जखम तर भरलीच होती, डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं होतं ना! वन्संनी हळूहळू तांब्याने पाणी घातलं, पाठ चोळली, तोंडाने वज्रेश्वरी आईचं नाव चाललेलं. पाणी जखमेवरून गेलं तेव्हा त्या एकटक बघत होत्या.

फार बरं वाटलं. खोटं का लिहू.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताप. जखमेची खालची बाजू लाल, हात लावला तर गरम. करिष्माने पट्टी उघडली आणि विचारलं, आई, पाणी लावलंत का? मी हो म्हटलं. ती गाडीची किल्ली घेऊन आली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पू झाला. खालच्या कोपऱ्याचे टाके उसवले, जखम तिथे उघडीच ठेवलीय. आत औषधी कापडाची पट्टी भरायची, रोज बदलायची, आतून भरत वर येईपर्यंत. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, कुठलं पाणी? सांगितलं. त्यांनी केसपेपरवरची १७ तारीख खोडली. नवीन दिली नाही.

घरी वन्सं दारातच उभ्या होत्या. मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलले, "तुमच्या पाण्याने माझी तारीख गेली. आता मला काही झालं तर ते पाणी माझ्या तोंडात घाला."

त्या पिशवी घेऊन निघून गेल्या. हे हाका मारत मागे गेले, पण थांबल्या नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काही लिहायचं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पट्टी ह्यांनी बदलली!

करिष्माला बरं नव्हतं, नर्स येणार होती ती आली नाही. मी म्हटलं, राहू दे, तुम्ही परत पडाल, तुम्हाला कोण उचलणार? हे चूळ भरून आले, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, खुर्ची ओढून बसले. घामाने शर्ट भिजला. जुनी पट्टी काढली, आत बघितलं, नवीन भरली. मग म्हणाले, "कमळे, एवढा खड्डा घेऊन तू भांडतेस होय?"

सबंध संसारात मला ह्या माणसाचा असा अभिमान कधी वाटला नव्हता. हे वाचतील तर शेफारतील, म्हणून इथेच लिहिते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज जायचं होतं. गेले नाही. उगाच सकाळी उठून तयार झाले होते, केस विंचरले, साडी नेसले. मग भिंतीशी जाऊन उभी राहिले आणि बोटं चढवली. रागाने गेली वर, भिंतीवरच्या फळीला लागली. पेन्सिलीची खूण करायला जागाच नाही, फळीच्या वर काय करणार!

भीती वाटते. राहिलेला आजार आत काय करत असेल ते कळत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं आणि हसल्या. तळापासून लाल, स्वच्छ मांस भरत येतंय. म्हणाल्या, शरीर जिद्दी आहे तुमचं. मी म्हटलं, शरीरच नाही. नवीन तारीख १० मार्च, तोवर पूर्ण बुजली तर. दात तपासून घेतले, केमोत तोंड येतं म्हणे. हृदयाचीही तपासणी झाली. तिथला मुलगा म्हणाला, हार्ट मजबूत आहे. ह्यांना सांगितलं, बघा, सरकारी शिक्का मारल्यासारखं झालं.

अंडी, मासे, डाळ. खाऊन खाऊन कंटाळा आला. पण खाते, औषधच आहे म्हणून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. देवळातून येता येता गल्लीतल्या बायका मला बघायला घुसल्या. आनंदीबाई पुढे, आणि सगळ्यांच्या मागे वन्सं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. माझ्याकडे बघितलं नाही, मीही बोलले नाही.

बायकांची कुजबुज सुरू झाली. कुणाला तरी झालं होतं, ती वाचली नाही. एकीने ग्लास धरला तो पदराने पुसून, जसं काय माझ्याकडून लागण होणार. दुसरी म्हणते, आता देवेशच्या बाबांना कसं वाटत असेल गं. माझं डोकं फिरलं. उठले, दार लावलं, ब्लाउजची बटणं काढली.

"बघा. एवढंच आहे. ह्यालाच घाबरताय ना?"

आनंदीबाईच जवळ आल्या, चष्मा लावला, वाकून बघितलं. म्हणाल्या, शिलाई चांगली घातलीय. आणि सगळ्या हसल्या! मग प्रश्नच प्रश्न. दुखायचं का? गाठ कशी कळली? मी सांगितलं, दुखलं नव्हतं, म्हणूनच उशीर झाला. करिष्माला बोलावलं. तिने लाजत भिंतीकडे तोंड केलं, पण साऱ्यांना शिकवलं, बोटं कशी फिरवायची, काखेत कसं बघायचं. अशी मास्तरीणबाई माझ्या घरात आहे, मला माहीतच नव्हतं.

फक्त वन्संनी तोंड फिरवलं होतं. मी बटणं काढली तशा त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या, सगळं होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. जाताना कोपऱ्यात थांबून एवढंच विचारलं, "उघडी हाय का अजून?" मी म्हटलं, थोडी. माझ्या बोलण्याचा राग आहे अजून. असणारच. मी बोललेही वाईट.

३ मार्च, सोमवार

सलाइनसाठी गळ्याखाली कातडीच्या आत एक डबी बसवलीय, आता सुई तिथेच टोचणार. आणि केस कापले, गळायच्या आधीच. मांडीपर्यंत होते, लग्नात ह्यांच्या मामीने ओढून बघितले होते, खरे आहेत का म्हणून. करिष्माने कात्री चालवली आणि तिचंच नाक गळायला लागलं. मी आरशात बघितलं. चांगली दिसते की! मान किती लांब आहे माझी.

हे म्हणाले, तुझे केस जाणार तर मी मिशी काढतो. म्हटलं, खबरदार! त्या मिशीकडे बघून हो म्हटलं होतं, खाली काय निघेल कुणाला माहीत.

७ मार्च, शुक्रवार

बुजली! डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवलं, दाबून बघितलं, सही केली. सोमवारी केमो.

गाडीत बसल्यावर रडले. पोटभर. हे गाडी बाजूला घेऊन थांबले, मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते तरी हलले नाहीत. मी करून दाखवलं. हे मी म्हणणार, कुणी म्हणो न म्हणो.

९ मार्च, रविवार

दुपारी वन्सं एकट्याच आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हाताने गप्प केलं. दाराला आतून कडी लावली. म्हणाल्या, दाखव. दाखवलं. बुजलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझा हात धरला आणि स्वतःच्या पदराखाली नेला. डाव्या बाजूला.

गाठ आहे. टणक. हलत नाही.

"दिवाळीपासून हाय," म्हणाल्या. "कोणाला बोलले न्हाय. तुजी जखम भरते का, त्ये बघत होते. आता मना पन ने."

उद्या गाडीत पुढे हे बसतील, मागे आम्ही दोघी.