घरच्या वाफ्यातला पालक

३ नोव्हेंबर, सकाळी ६
आजपासून रोज लिहायचं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. खताच्या गोणीतून कॅडमियम का काय ते विष पिकात उतरतं म्हणे. आपल्याला काय! गोणी फक्त विकायच्या पालकाला. घरी खायचा वाफा वेगळा, विहिरीजवळचा. त्याला दाणाभर खत नाय. आपल्या सालगड्यानं, सांडूनं, कारखान्यांमागच्या नाल्यातला काळाभोर गाळ ट्रॉलीभर आणून टाकला, तेवढंच. एकदम प्युअर. पानं हाताएवढी.

५ नोव्हेंबर
लेकीला, दीपमालाला सातवा महिना. डॉक्टरनं पालेभाजी सांगितली. दर रविवारी पिशवीभर पालक घेऊन मी स्वतः फुलंब्रीहून संभाजीनगरला जातो. पोर गुणाची, दोन्ही वेळा खाते. परवा जावई इंद्रजीत म्हणाले, मामा, गाळ कुठला आहे? एकदा तपासून घ्या. कंपनीत क्वालिटीला आहेत म्हणून लई शहाणे! तपासतोच. रिपोर्ट फ्रेम करून त्यांच्याच हॉलमध्ये लावतो.

७ नोव्हेंबर
शहरातल्या लॅबला दोन पिशव्या दिल्या, घरचा पालक अन् बाजारात विकायचा. चिठ्ठ्या बायकोनं, सुरेखानं लावल्या. लॅबच्या मॅडमना सांगून ठेवलं, बाजारचा खराब निघाला तर बोभाटा करू नका. लोकांना स्वस्त लागतं, आपण तरी काय करणार.

१४ नोव्हेंबर, दुपारी
रिपोर्ट आला. बाजारचा पास. घरच्यात शिसं अन् कॅडमियम, दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर. चिठ्ठ्या उलट्या लागल्या, दुसरं काय! सुरेखा म्हणते, नाय, बरोबरच लावल्या. बाईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

१५ नोव्हेंबर
लॅबला जाऊन भांडलो. मॅडमनी वाफ्यात काय टाकलं ते विचारलं. सांगितलं. शिजवल्यावर जातं का, विचारलं. नाय म्हणाल्या. मातीतून? वर्षानुवर्षं नाय. कुणी खाल्लं का, म्हणाल्या. छे, म्हणालो. मग सहज विचारलं, समजा गरोदर बाईनं खाल्लं तर? म्हणाल्या, आधी खाणं थांबवा अन् डॉक्टरला दाखवा.

संध्याकाळी ५
निश्चय केला अन् फोन लावला. दीपमाला म्हणाली, बाबा, बाळ लई लाथा मारतंय. मग थंडीचंच बोललो. असलं फोनवर सांगू नये. समोर बसवून, नीट समजावून सांगणार. वाफा उपटला. शेळीला टाकवेना, उकिरड्यावर टाकवेना. पोत्यात भरून ठेवलाय. पोत्याकडे बघवत नाय.

१६ नोव्हेंबर, रविवार
रिपोर्ट खिशात घालून गेलो. टेकतो न टेकतो तोच ताट आलं. पालकाची भाजी. तुमचीच आहे बाबा, म्हणाली. लई झाक झालीय म्हणालो, अजून वाढ. तीनदा मागून घेतली, तिच्या वाटची कढईत उरायला नको म्हणून. पोर खूश. हात धुऊन आलो, आता सांगायचंच. तर तिनं फ्रीजर उघडून दाखवला. आठ डबे. पालक उकडून, भरून ठेवलेला. बाळंतपणापर्यंत पुरवून खाईन म्हणाली.
कागद काढून तिच्याच हातात दिला. चष्मा विसरलो म्हणालो, तूच वाच.