येताना उपाशी ये

प्रिय ठमे,

पाकिटावर तुझं कचेरीतलं पूर्ण नाव नीट अक्षरात घातलंय, पोस्टमनचा घोटाळा नको. आत मात्र तू ठमीच. चाळिशी उलटली तरी मामाच्या लेखी काही फरक पडलेला नाही. तू सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हा मी जिना चढून नुकता टेकलो होतो, धाप लागलेली. म्हणून 'बरं, बरं' करून ठेवून दिला. तसंही फोनवर मला 'बरं आहे' यापुढे सरकता येत नाही. कागद असला की कसं, मध्ये थांबून चहा पिता येतो.

तू आणलेलं सामान लावून ठेवलं. तेल, साखर, डाळ, तांदूळ, साबण, काडेपेट्यासुद्धा! अगं, काडेपेट्या डझनभर? मामा घर पेटवून देणार आहे की काय? पण तुझं मन मला कळतं. मामाची एक खोली, मामाची तुटपुंजी मिळकत, त्याला आपला भार नको. म्हणूनच तू स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरलीस. म्हणूनच दारातच चपला काढता काढता म्हणालीस, "मामा, मी खाऊन आलेय हं, तू काही करत बसू नकोस." पाऊण तास बसलीस. पाणी तेवढं प्यालीस, तेही स्वतःच्या बाटलीतलं. माझी तब्येत विचारलीस, गोळ्या तपासल्यास, आणि जाताना डोळ्यांत पाणी आणलंस. मी खिडकीतून बघत होतो. कोपऱ्यावर वळताना तू मागं पाहिलंस, तेव्हा मी पटकन बाजूला झालो. का झालो, देव जाणे.

रागावलो नाहीये मी. तुझ्यावर रागवायला मला तोंडच नाही. तू केलंस ते मी तुझ्याहून तरुण असताना केलंय, आणि वर स्वतःला शहाणा समजलोय. ते सांगतो, ऐक.

तेव्हा मी शिलाई मशिनं दुरुस्त करत गावोगाव फिरायचो. कुणी शिकवलं नव्हतं, एक मोडकं मशीन सतरा वेळा खोलून सतरा वेळा जोडलं, तेच माझं कॉलेज. एका गावात एक शिंपी होता. पुढं दुकान, मागं घर, मध्ये पडदा. घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई. म्हातारीची नजर गेलेली, तरी सुईत दोरा ओवायची ती जिभेच्या टोकावर अंदाज घेऊन. मी कामाला गेलो की दुपारी जेवायला बसवायचेच. पहिल्यांदा मी बसलो, आडवा हात मारला. नंतर हात धुवायला मागं गेलो तर वहिनी रिकामं पातेलं खरवडत होत्या. मला बघून पातेलं पाठीमागं धरलं आणि हसल्या. मी हात न धुताच पुढं दुकानात आलो.

मग मी डोकं चालवलं. पुढच्या खेपेला सांगितलं, पोट बिघडलंय. परिणाम काय, तर वहिनींनी कुणाकडून तरी औषध आणवलं, माझ्यासाठी वेगळा मऊ भात शिजवला आणि समोर बसून तो संपवून घेतला. एकाचे दोन खटाटोप! त्यापुढच्या खेपेला मी आणखी हुशार झालो. बसस्टँडच्या बाकावर बसून घरून नेलेला डबा खाल्ला आणि दुकानात शिरताना म्हणालो, "आज जेवूनच आलोय." वहिनी पडद्याआडून म्हणाल्या, "कुठं जेवलात?" आता बसस्टँडवर डबा खाल्ला म्हणून कसं सांगू? तोंडाला आलं ते बोलून गेलो, "समोरच्या टेलरकडे. त्यांनी सोडलंच नाही."

ठमे, समोरचा टेलर म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ. तोच व्यवसाय, त्याच रस्त्यावर, आणि दहा वर्षांत एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लागलेला नाही! मला कुठं ठाऊक? शिंप्याचं मशीन थांबलं. तो एवढंच म्हणाला, "त्याच्याकडचं गोड लागतं होय तुम्हाला? बरंय, मोठं दुकान आहे त्याचं." आणि पुन्हा पाय मारायला लागला, तो माझ्याकडं न बघता. मी खाली मान घालून त्याचं दुसरं मशीन खोललं.

चारच्या सुमाराला म्हातारीनं हाक मारली. मला वाटलं, चहा असेल. तिनं मला शेजारी बसवलं, माझा हात चाचपला आणि हळूच म्हणाली, "खोटं बोलतोयस. माझा पुतण्या घरच्या मांजराला वाढत नाही, तो तुला काय वाढणार?" मग मी सगळं कबूल केलं. पातेलं बघितलं तेही. म्हातारी मऊ पडेल असं वाटलं होतं. उलट चिडली. "एवढा मोठा झालास तू? तुझ्या चार घासांनी आम्ही बुडणार? अरे, आम्हाला कमी आहे ते आम्हाला माहीत आहे. तू कशाला सांगायला येतोस?"

मग तिनं मला पाहुणचार घ्यायला शिकवलं. देण्याचं सगळे शिकवतात गं, घेण्याचं कुणी शिकवत नाही. पहिल्यांदा वाढतील ते मुकाट्यानं घ्यायचं. दुसऱ्यांदा आपण होऊन मागायचं, पण जे भरपूर दिसतंय तेच, आणि एक चमचाच. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा. ताटात काही टाकायचं नाही. भांड्यात वाकून बघायचं नाही. आपल्या घरी याहून चांगलं असतं असं तोंडावर दिसू द्यायचं नाही, आणि उगाच डोक्यावर घेऊन नाचायचंही नाही, खोटं लगेच कळतं. काही द्यावंसं वाटलं तर जेवणाच्या दिवशी नाही, एरवी द्यायचं. जेवणाच्या दिवशी दिलंस की ते जेवण खानावळीचं होतं. आणि जेवून लगेच उठायचं नाही. ती म्हणाली, "बस थोडा. आम्ही वाढलेलं तुझ्या पोटात जिरताना आम्हाला बघू दे."

वहिनींनी माझं ताट दुपारपासून झाकून ठेवलं होतं. पोटात डबा गच्च असताना त्यावर मी ते अख्खं जेवलो. वर भात मागून घेतला. घाम फुटला मला. वहिनी पडद्याला धरून बघत होत्या, आधी तोंड फुगवून, मग गालात हसून. शेवटी दुकानाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? तिकडं उपाशीच ठेवलंन् वाटतं बिचाऱ्याला!" शिंपी असा खदाखदा हसला की रस्त्यापलीकडं ऐकू गेलं असेल. त्यानंतर ते घर माझं झालं. तुझ्या मामीला लग्नानंतर पहिल्यांदा मी तिथंच घेऊन गेलो होतो, स्वतःच्या मोठ्या भावाकडे नंतर.

आता ती तिघंही नाहीत आणि तुझी मामीही नाही. म्हणून हे कुणाला सांगायचं राहून गेलं होतं.

तू आलीस त्या दिवशी म्हणालीस ना, "मामा, फोडणीचा काय मस्त वास येतोय!" आणि मी म्हणालो, शेजारचा. खोटं होतं ते. सकाळी सहापासून माझंच चाललं होतं. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडून चांगली खुर्ची मागून आणली होती, तू बसली होतीस तीच. 'खाऊन आलेय' म्हणालीस तेव्हा, तू चपला काढून आत येईपर्यंत पातेली मी पलंगाखाली सारली, उगाच तुला अवघडल्यासारखं नको. खुर्ची परत द्यायला गेलो तर मास्तरीणबाईंनी विचारलं, "जेवली का पोरगी?" म्हटलं, "पोटभर. दोनदा मागून घेतलं." त्यांना किती बरं वाटलं म्हणून सांगू! ते जेवण मी तीन दिवस खाल्लं. बटाटा शेवटी आंबला.

आता मुद्द्याचं. तू समोर होतीस तेव्हा सांगायचं ठरवलं होतं, ते जेवताना सांगणार होतो, म्हणून राहिलं. जिना मला झेपत नाही. एक तारखेपासून मी वृद्धाश्रमात जातोय, सही करून आलो. रडू नकोस, जागा स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत. घंटा वाजली की खाली जायचं, कप्प्यांचं ताट पुढं येतं. भेटायला येणाऱ्यांना पुढच्या दालनात बसवतात. स्वयंपाकघरात आपण जायचं नाही, नियम आहे. तिथं रोज मला कुणीतरी 'आणखी हवं का' म्हणून विचारेल. मला कुणाला विचारता येणार नाही. मधे एकच रविवार उरलाय. त्या दिवशी ये. हात हलवत ये, आणि सकाळपासून काही खाऊ नकोस. बारापर्यंत मी भात लावायचा थांबेन. तुला जमत नसेल तर तेवढं कळव, म्हणजे एकट्यापुरता लावीन.

तुझाच,
मामा