निथळलेला कचरा

सोमवार, ३

पहिली आली ती शिंपीणबाई! कचरा कसा निथळायचा ते दाखवायला मी गल्लीला चारला बोलावलं होतं, ही तीनलाच हजर. हातात पिशवी नाही, नुसतं तोंड. मागून मास्तरीणबाई, मग पेपरवाला. मी चाळणीत साली ओतल्या, वर ताट, ताटावर वजनाला इस्त्री. पेलाभर पाणी निघालं. शिंपीणबाई म्हणाली, "आता कचऱ्याला न्हाऊमाखू घालायचं का?" म्हटलं, "न्हाऊ नको घालूस. नुसता पूस."

सून कचऱ्याच्या भट्टीवर इंजिनीयर. कचरा जाळायचा, त्या आचेवर पाण्याची वाफ, वाफेवर वीज. पण कचरा येतो ओलाचिंब. जळत नाही, नुसता धुमसतो. मग भट्टीला तेल पाजा! वरचे साहेब म्हणालेत, पंधरवड्यात बिनतेलाची चालली नाही तर कुलूप. कुलूप म्हणजे सुनेची बदली. मुलगा नि नात तिच्याबरोबर जाणार. तिकडे दोनच खोल्या मिळतात, असं मुलगा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

गुरुवार, ६

सून म्हणते, एका गल्लीनं काय होणार, आई. खरंय. मास्तरीणबाईंनी अख्ख्या शाळेला गृहपाठ दिला— घरचा कचरा निथळून टाकणे. आता बाजारात चाळणी मिळत नाही.

रविवार, ९

गुडघा दुखतोय.

बुधवार, १२

दुपारी सुनेचा फोन. "आई, सकाळपासून तेल बंद आहे." मी दोनदा सांगायला लावलं. ऐकू पहिल्यांदाच आलं होतं.

शनिवार, १५

भट्टी वाचली! वरचे दोन साहेब घरी आले, चाळणी बघायला. फोटो काढताना मी मध्येच उभी राहिले. उंच साहेब दिसायला कडक, पण चार बिस्किटं खाल्ली. मग सुनेकडे बघून म्हणाले, अशी बाई इथे कशाला, आम्हाला मोठ्या भट्टीवर हवी, परगावी. म्हणजे बंद पडली असती तरी बदली, आणि चालली तरी बदली. मी चहा ओतत राहिले. बशीत.

रविवार, १६

काल एक लिहायचं राहिलं. घर द्यायचं म्हणून साहेबांनी विचारलं, माणसं किती? मुलानं तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "चार." मी बोटांवर मोजून बघितलं. मला धरूनच चार होतात.

साहेब मंगळवारी परत येतो म्हणालेत, घराचं सांगायला.