त्रिशलेचा कॉम्प्युटर, बिनतारी इंटरनेट आणि माझा सुटलेला चहा

बोरगाव,
आश्विन शुद्ध पंचमी

तीर्थरूप सौ. धोंडूआक्का यांस, धाकट्या रायगोंडाचा वाकून जयजिनेंद्र.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बेळगावच्या हवेत वाढला की निवळला? इकडे मी आणि त्रिशला, आम्ही उभयता सुखरूप आहोत. माझं डोकं तेवढं चहाच्या दोन्ही वेळा ठणकतं, आणि त्याच्या कारणाची साक्षीदार तूच आहेस. दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी बस्तीत मूर्तीपुढं कुणी गूळ सोडला, कुणी तूप सोडलं. मी मात्र तुझ्या शेजारी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, की घरच्या कॉम्प्युटरला स्वतःच्या हातानं बिनतारी इंटरनेट जोडीपर्यंत चहा वर्ज्य. (दोन दिवसांचं काम वाटलं होतं. आज तेवीस दिवस झाले.)

कारण तुला ठाऊक आहे. आमच्या लेकीचं, सोनलचं, बाळ कॅनडात आणि मोतीबिंदू काढल्यापासून त्रिशलेला जवळचं बारीक दिसत नाही, त्यामुळं मोबाइलवर दिसतंय ते बाळ की उशी हे तिला कळत नाही. तुझ्या सुनेनं, रूपालीनं, विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलेला जुना कॉम्प्युटर मोठ्या पडद्याचा, पण तो आतल्या खोलीत आणि इंटरनेटचा डबा सोप्यात. तार ओढावी तर भिंतीतल्या भोकात कुंभारमाशीनं घर बांधलंय. चातुर्मासात तिचं घर मोडून आपण नातीचं तोंड बघायचं? त्रिशला म्हणाली, "तिची बी पोरं हायत आत." विषय संपला.

मग निपाणीहून नखाएवढं वायफायचं डोंगल आणलं. दुकानदार म्हणालेला, "काका, विंडोजला चालतंय. लिनक्सचं मला ठावं न्हाय." (मी 'चालतंय' एवढंच ऐकून बाहेर पडलो, हा माझा जन्माचा स्वभाव.) कॉम्प्युटरनं त्याला ओळखच दाखवली नाही. चौकशीअंती कळलं की त्याला ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधला दुभाषा, आणि दुभाष्याशिवाय काम अडतं हे आपल्या मराठी-कानडी भागात कुणी कुणाला शिकवायला नको. पण तो दुभाषा राहतो इंटरनेटवर! म्हणजे इंटरनेट आणायला आधी इंटरनेट हवं. तेव्हा मोबाइलला तार लावून तो कॉम्प्युटरला जोडला, तात्पुरता. (ही तार नियमात बसत नाही हे मला मान्य आहे, पण ती फक्त दुभाष्याला आणण्यापुरती होती.)

आणि आक्का, तिथं मी थक्क झालो. माझ्याच डोंगलचं रडगाणं सहा वर्षांपूर्वी ब्राझीलच्या एका माणसानं गायलेलं. त्याला पोलंडच्या कुणीतरी उत्तर दिलेलं, आणि तिसऱ्याच देशातल्या एका माणसानं रोजचं काम सांभाळून तो ड्रायव्हर लिहून, ज्याला पाहिजे त्यानं न्यावा म्हणून ठेवून दिलेला. नाव नाही, फोटो नाही, फरशीवर देणगीदाराचा उल्लेख नाही! ज्ञानदान ज्ञानदान म्हणून आपण लहानपणापासून ऐकतो, मला ते या माणसात दिसलं. मी स्क्रीनला हात जोडले. त्रिशलेनं विचारलं, "बरं वाटंना व्हय?"

मग काळ्या खिडकीत हुकूम टाकायचे. पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरही उमटत नाही, एवढं कडक मौन मी मुनिमहाराजांचंही पाहिलेलं नाही. बऱ्याच ओळी आपोआप धावल्या, थांबल्या, आणि कोपऱ्यात अचानक सगळ्या गल्लीच्या वायफायची यादी! बांधावरून दहा वर्षं अबोला धरलेले दोन भाऊ तिथं वरखाली बसलेले. हवेत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात असं प्रवचनात सांगतात, तेव्हा मी नुसती मान डोलवायचो. आता पटलं. माझ्या खोलीतली हवा इतकी भरलेली होती आणि मी तिच्यात निवांत बसून दाढी करत होतो.

थोडक्यात, इंटरनेट आलं. हातभर रुंद चेहरा दिसला, बाळानं जांभई दिली, आणि त्रिशला पदर तोंडाला लावून इतकी रडली की सोनलही तिकडे रडू लागली. सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग.

तुझा,
रायगोंडा

ता. क. चहा मी अजून घेतलेला नाही. त्याचं असं झालं, की यादी आल्यावर मी घरच्या वायफायचा पासवर्ड तीनदा चुकवला आणि चिडून बस्तीत गेलो. परत येतो तर पडद्यावर बाळ! त्रिशलेनं डब्याखालचा पासवर्ड भिंग लावून वाचून घातला होता. जमलेल्या बायकांना मात्र "ह्येंनीच केलं" म्हणून सांगत होती, आणि माझ्यापुढं आल्याचा चहा ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो मला पिववेना. पोट बिघडलंय म्हणालो.

ता. क. २. नियमात खोट नको म्हणून काल त्रिशला भाजी आणायला गेली असताना मी ड्रायव्हर काढून टाकला आणि सगळं पहिल्यापासून माझ्या हातानं करायला बसलो. आता ना ड्रायव्हर येतोय, ना यादी. रूपालीला शनिवारी पाठव. तिनं हात मागं बांधून नुसतं सांगायचं, करायचं मी. जास्तच अडलं तर तिनं खुशाल हात सोडावेत, माझा चहा गेला खड्ड्यात. सोनल रविवारी बाळाला अंघोळ घालताना दाखवणार आहे, आणि त्रिशलेनं शेजारच्या चौघींना आजच बोलावून ठेवलंय.