आजोबांनी दोघांचंही ऐकलं

काओश्युंग, तैवान
२० एप्रिल २०२३

ती. सायपिनताईस धाकट्या बुनलेर्तचा सा. न. वि. वि.

नावाआधी सौ. लावू की कु., यावर पाच मिनिटं पेन चावलं. अकरा वर्षं तू दुआनबरोबर संसार करतेस, म्हणून कु. लिहवत नाही. आपलं सरकार म्हणतं, दोन बायकांचं लग्न नसतंच, म्हणून सौ. लिहिलं तर मी खोटा. जागा मोकळी सोडलीय.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलणं. आई स्पीकर लावते आणि शेजारच्या दोघी हातातला घास हातात ठेवून ऐकतात. पत्र कसं, आपल्या दाजीच्याच थैलीतून येतं. दुआन स्वतःच गावची पोस्टमन असल्यावर दुसरं कोण फोडणार? आईसमोर तिला दाजी म्हणत नाही, घाबरू नकोस.

मी बरा आहे. सध्या नटबोल्टच्या कारखान्यात. रंगाचं काम सोडलं, त्याआधी कोंबड्यांचं सोडलं, हेही सोडीन असं आईला वाटतं. तिला सांग, करार २०२५ पर्यंत आहे आणि मधे समुद्र आहे. तू पाठवलेली आंबवलेल्या माशांची बाटली खोलीत फुटली. शेजारच्या खोलीतल्या फिलिपिनो पोरांनी फक्त पोलीस बोलवायचे बाकी ठेवले.

आता मुद्द्याचं. दुआनने लांब चांथाबुरीला बदली मागितलीय हे कळलं. या निवडणुकीनंतरही लग्नाच्या कायद्याचं काही हललं नाही तर ती जाणार. ताई, मला तिचा राग नाही आला. पाहुण्यांना आई तिची ओळख काय करून देते, तर भाडेकरू! छपराचे पत्रे बदलणारी, घरमालकिणीच्या गुडघ्याला तेल चोळणारी भाडेकरू कुणी बघितलीय? वर आई वकिलासारखी म्हणते, कचेरीतून लग्नाचा कागद आणा, मग मीच तुमच्या मनगटांना लग्नाचा दोरा बांधीन. कागद मिळायचाच नाही हे ठाऊक असल्यावर मीपण वाट्टेल ते कबूल करीन.

इथे गेल्या महिन्यात आमच्या मुकादमाच्या पोराचं लग्न झालं, एका पोराशी; इथे तसा कायदा आहे. रस्त्यात मांडव, चाळीस टेबलं, अख्खं डुक्कर. मुकादम ढसाढसा रडला, पण तो दारू प्यायल्यावर टीव्हीवरच्या जाहिरातीलाही रडतो. मी तीनदा डुक्कर वाढून घेतलं. चौथ्यांदा तुझी आठवण झाली आणि घास उतरेना.

म्हणून नवस बोलतोय. गावाच्या राखणदार देवाच्या, आपल्या आजोबांच्या ठाणापुढे जा आणि खालचं मोठ्याने वाच. भगत खाम्फानला साक्षीला ठेव, पण वाचून होईपर्यंत त्याला दारू देऊ नकोस.

आजोबा, मी बुनलेर्त. लग्नाचा कायदा करू म्हणणारा तो पोरांचा पक्ष निवडणुकीत सगळ्यांच्या पुढे येऊ दे. आला तर मी तुमच्यापुढे बायकांचं लुगडं नेसून, कानात लाल फूल खोचून तीन गाणी नाचीन.

माझं मत टपालाने गेलंय. लोभ असावा, आणि पुढची बाटली प्लास्टिकची असावी.

तुझा
बुनलेर्त


रोईएत
२४ मे २०२३

चि. बुनलेर्त यास ताईचे अनेक आशीर्वाद.

नवस वाचला. भगत हसला आणि म्हणाला, पोरगा सातवीच्या पुढे शिकला असता तर असलं धाडस केलं नसतं.

आणि तुझा पक्ष आला की रे! सगळ्यांच्या पुढे. निकालाच्या दिवशी दुआन टपाल वाटून आली ती गाडी उभी न करता अंगणातच गोल गोल फिरत होती. कोंबड्या सैरावैरा. आईने टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला बसली, घासलेलीच. वीस वर्षं ती एकाच पक्षाला मत देतेय. तो पक्ष दुसरा आला हे तिला कुणी घरात घुसून चोरी केल्यासारखं लागलंय.

मी मात्र हसायला घाबरते. शिलाई मशीनवर बसते, गणवेशाची बाही जोडते आणि उलटी जोडते. दुआन म्हणते, बदलीचा अर्ज एवढ्यात मागे घेत नाही, सरकार बसू दे. मी म्हटलं, बसेलच की. ती म्हणाली, आपल्या देशात निवडून कोण येतो आणि बसतो कोण, हे तू शिवणकामातून डोकं वर काढून बघ जरा.

भगत दोनदा येऊन गेला. बुनलेर्त नाचायला कधी येतो, विचारत होता. करार दोन हजार पंचवीसपर्यंत आहे म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. अरे, नवस बोलताना कॅलेंडर तरी बघायचं!

जेवत जा. लोभ आहेच, अक्कलही थोडी वाढव.

तुझी ताई


काओश्युंग
२७ ऑगस्ट २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी नाचणार नाही. भगताला सांग, आजोबांनाही सांग.

पुढे आलेला पक्ष बाहेर, आणि दुसरा आलेला आत! वरच्या सभागृहातल्या, लष्कराने नेमलेल्या म्हाताऱ्यांनी आमच्या माणसाला पंतप्रधान होऊ दिलं नाही. आणि आईचा पक्ष, निवडणुकीत ज्यांना शिव्या घालत होता, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसला. आमच्या खोलीत आम्ही गावाकडचे पाच जण आहोत. त्यातल्या दोघांनी आईच्या पक्षाला मत दिलेलं. दोन दिवस पाच जणांत दोन कुकर लागले. तिसऱ्या दिवशी भात करपला तेव्हा बोलणं सुरू झालं, तेही फक्त भाताबद्दल.

मुकादमाने विचारलं, तुमच्याकडे कोण जिंकलं? मी म्हटलं, आम्ही. मग तो म्हणाला, अभिनंदन, सरकार कुणाचं? मी म्हटलं, दुसऱ्यांचं. त्याला वाटलं माझी चिनी भाषा कच्ची आहे.

दुआन काय म्हणते ते खरं खरं लिही. ती खोके बांधतेय का? मी इथून काही करू शकत नाही, हे मला नटबोल्ट मोजताना दिवसातून चारशे वेळा आठवतं.

रागात आहे. लोभ तुमच्या दोघींवर आहे, आजोबांवर नाही.

बुनलेर्त


रोईएत
२० सप्टेंबर २०२३

चि. बुनलेर्तला आशीर्वाद, आणि कान उपटला आहे असं समज.

तुझं पत्र भगताला वाचून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, तुझ्या भावाने काय मागितलं होतं? पक्ष पुढे येऊ दे. आला. सरकारात बसू दे असं मागितलं होतं का? नाही. आजोबांनी मागितलं तेवढं दिलं, शिल्लक ठेवली नाही. मी घरी येऊन तुझं एप्रिलचं पत्र काढून पाहिलं. शब्द तेवढेच होते.

आता खरी गंमत ऐक. गेल्या पंधरवड्यात आईची उचकी थांबेना. साखर दिली, दचकवून पाहिलं, दवाखान्यात नेलं. शेवटी भगताने तिला एकटीला बसवून विचारलं, देवाचं काही देणं राहिलंय का. तर काय! मतदानाच्या आदल्या दिवशी आईपण गुपचूप ठाणावर जाऊन आली होती. माझा पक्ष सरकारात बसू दे, पोरांचा नको, नव्याण्णव उकडलेली अंडी वाहीन, असा नवस बोललेली. म्हणजे बघ, तू मागितलंस ते तुला मिळालं, तिने मागितलं ते तिला. आजोबांनी दोघांचंही ऐकलं आणि देशाचं हे असं झालं.

मी आईला विचारलं, पोरांचा नको तो का? जुनं इमान, म्हणाली. मग सुपारी कातरायला घेतली. पुढे म्हणाली, कायदा आला असता तर तुम्ही दोघी कागद घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या असतात, मग मी काय बोलणार होते? मी रडले नाही. मशीनवर जाऊन बसले.

दुआनची बदली मंजूर झाली. एक जानेवारीपासून चांथाबुरी. नको असेल तर पंचवीस डिसेंबरपर्यंत लेखी कळवायचं. नवरा-बायको असतो तर दोघांना एका गावी ठेवायचा नियम आहे. आम्ही नियमात नाही. ती म्हणते, मला तुझा कंटाळा नाही आला, सायपिन, भाडेकरू असण्याचा आलाय.

लोभ असू दे. सध्या इथे तुटवडा आहे.

ताई


काओश्युंग
२६ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि.

बातमी वाचलीस का? आईच्याच सरकारने लग्नाच्या कायद्याचा मसुदा मंजूर केला! मी जेवणाच्या सुट्टीत इतका हसलो की नाकातून सूप आलं. ज्या कायद्याला घाबरून आईने नव्याण्णव अंडी कबूल केली, तोच कायदा तिच्याच नवसाच्या सरकारने पुढे रेटला. आजोबांना राजकारण आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्यावरचा राग मी मागे घेतो, अर्धा.

अर्धाच, कारण खोलीतले जाणते सांगतात, हे अजून वर्षभर चालेल. दुआनकडे महिनाच आहे.

नाचायचं मान्य. पण मी येऊ शकत नाही, तेव्हा माझ्या जागी तू नाच. भगताला विचार, चालतं का. आणि दुआनला सांग, इथे बदली मागून मी दोनदा काम बदललं, कुठेच बरं वाटलं नाही. तिने हे माझ्यासारख्या गाढवाकडून शिकावं, चांथाबुरीत जाऊन नको.

आईला नमस्कार. उचकी कशी आहे?

लोभाची मागणी आहे, पुरवठा करावा.

बुनलेर्त


रोईएत
२८ डिसेंबर २०२३

चि. बुनलेर्त यास अनेक आशीर्वाद.

चालतं म्हणाला भगत. तुझ्या जागी मीच नाचणार होते, पण पंधरा दिवसांपूर्वी दुआनच्या गाडीवरून उतरताना पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. इस्पितळात नातेवाईक म्हणून दुआनची सही चालेना. ती गाडीवर जाऊन आईला घेऊन आली, तोवर मी तशीच बाकावर.

एकवीस तारखेला संसदेत कायद्याची पहिली पायरी पार पडली. दुआन अर्धा तास आनंदात होती. मग तिने बोटांवर मोजलं: आता समिती, मग पुन्हा संसद, मग वरचं सभागृह, मग राजेसाहेबांची सही. म्हणाली, पंचवीस तारखेपर्यंत समितीचा पहिला चहासुद्धा व्हायचा नाही. आणि माळ्यावरून खोके उतरवले.

तेवीसला नवस फेडायचा होता. आईला भगताने तंबी दिली होती, वर्ष उलटू द्यायचं नाही. आईने अंडी उकडली. दुआन खोके तसेच टाकून तिला मदत करत होती, कारण गरम पातेलं आईला उचलत नाही. दोघी एकमेकींशी बोलल्या त्या फक्त किती झाली आणि किती राहिली एवढंच.

ठाणापुढे निम्मं गाव जमलेलं. भगताने विचारलं, बुनलेर्तच्या वतीने कोण नाचणार? दुआन पुढे झाली. माझं लुगडं, कानात लाल फूल. शाळा सुटल्यापासून ती लुगडं नेसलेली नाही. पोरं खिदळली. पण भगताने हात आडवा घातला. नवसाचं नाचणं घरच्याच माणसाचं लागतं, म्हणाला, भाडेकरूचं आजोबांना पोचत नाही. मग आईकडे वळला आणि विचारलं, ही तुमच्या घरची कोण?

बुनलेर्त, आई कचेरीत खोटं बोलते, भिक्खूंपुढे बोलते, माझ्याशी तर रोज बोलते. पण आजोबांपुढे नाही. तिने अंड्यांकडे पाहिलं. माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मला वाटलं आता उचकी लागणार. त्याऐवजी ती चिडली, आणि भगतावर नव्हे, थेट आजोबांवर. म्हणाली, तुम्ही राखणदार ना? दिवसरात्र गाव बघता ना? मग अकरा वर्षं माझ्या पोरीच्या खोलीत कोण झोपतं हे मला चारचौघांत विचारायची काय गरज होती? माझं छप्पर कुणी दुरुस्त केलं, दिसलं नाही? घरजावई आहे ती माझी. आता नाचू द्या तिला, अंडी गार होतात.

कुणी हसलं नाही. भगताने एक घोट घेतला आणि बांबूचा खेन फुंकून वाजवणाऱ्याला खूण केली.

दुआन फार वाईट नाचली. चिखलातून टपालगाडी ओढताना दिसते तशीच. लुगडं दोनदा सुटलं, डोळे पुसताना फूल पडलं. तुझी तीन गाणी झाली तरी थांबेना, चौथंही नाचली. ते माझ्या स्वतःच्या खात्यावरचं, असं म्हणाली.

तरी मी धास्तावलेलीच होते. रात्री तिने खोके उघडले नाहीत की बांधले नाहीत. म्हणाली, देवाला सांगितलं ते ठीक, माणसांना कोण सांगणार?

पंचवीसला सकाळी बघते तर आई दुआनच्या गाडीवर मागे बसलेली, वेणी घालून, लग्नाला निघाल्यासारखी. मी आजोबांपुढे बोलून बसलेय, म्हणाली, आता ही चांथाबुरीला गेली तर मी खोटी ठरेन, आणि ते मला सोडायचे नाहीत. पुढचं दुआनने सांगितलं. पोस्टात पोस्टमास्तरने बदली नाकारायचा छापील अर्ज दिला. त्यात कारणाचा रकाना होता. दुआनने लिहिलं, कौटुंबिक. मास्तरांनी अर्ज परत केला. तुझ्या नोंदीत कुटुंब नाही, म्हणाले, तू अविवाहित, नीट कारण लिही. दुआन पेन धरून उभी राहिली. रांगेतली माणसं खाकरायला लागली. तेव्हा मागून आईने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, एवढं काय सुचत नाही तुला?

दुआनने कौटुंबिक खोडलं आणि लिहिलं: सासू सोडत नाही.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं, चष्म्यावरून आईकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

कायद्याचं काय होतं ते बघू. तूर्त लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी
ताई